तीस वॅटची बैठक

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार वयस्कर माणसांनी मिळून एखादं साधं काम करायचं ठरवलं, की ते घरात आपोआप साठत जातात, जुन्या औषधांच्या बाटल्यांसारखे. टाकून द्यावेसे वाटत नाहीत आणि कुठली बाटली कशावरची, हे विचारलं तर सांगता येत नाही. आमच्या घरी नवीन स्पीकर आले आणि ते जुन्या रिसीव्हरला, म्हणजे गाणं वाजवणाऱ्या यंत्राला, जोडायचे होते, एवढीच मूळ गोष्ट. दोन वायरी डावीकडे, दोन उजवीकडे. लोक अर्ध्या तासात उरकतात म्हणे! आम्ही सुरुवात केली तेव्हा दारात छत्र्या वाळत होत्या आणि संपवलं तेव्हा स्वेटर बाहेर निघाले होते.

सांगताना क्रम चुकेल कदाचित. हल्ली मला स्वतःच्या आठवणीची खात्री वाटत नाही. खरं तर पूर्वीही वाटत नसे.

कर्वेनगरला आमच्या फ्लॅटवर दर रविवारी सकाळी गाणं ऐकायची बैठक असते. मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. नाना वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. डॉक्टर हा माझा शाळेपासूनचा मित्र, कान-नाक-घशाचा. आणि चौथे बाळासाहेब. ते एके काळी माझे विद्यार्थी होते. कात्रजच्या पलीकडे त्यांची शेती होती, आता तिथे सोसायट्या आहेत आणि बाळासाहेबांचा मंडप-लाउडस्पीकरचा जोरात चाललेला धंदा आहे. बैठकीत गाणं चालू असताना बोलायचं नाही, मतं चहाबरोबर.

पाचवी माझी बायको, सुमन. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. आमच्यात गाणं रीतसर शिकलेली ती एकटीच; बाकीचे आम्ही माना डोलावणारे. पण तिला हळूहळू कमी ऐकू यायला लागलं. कानात यंत्र आहे, बोलण्याला ते पुरतं. गाण्याला मात्र नाही. ‘पत्र्याच्या डब्यात बसून गातायत असं वाटतं,’ म्हणते. यंत्र काढलं तर सगळं भिंतीपलीकडे. मग रविवारी ती आतल्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसू लागली. एकदा, दोनदा, आणि मग नेहमीच.

तिनं परत बाहेर येऊन आमच्यात बसावं, एवढंच मला हवं होतं. चर्चा मात्र सगळी वॅटची झाली.

•••

स्पीकर आणले आमच्या मुलीनं, केतकीनं. ती आयटीत आहे, हडपसरला राहते. आईच्या वाढदिवसाला गुडघ्याएवढ्या उंचीची दोन खोकी घेऊन आली.

‘आई, यातून तुला नीट ऐकू येईल!’

सुमननं दोन्ही खोक्यांकडे पाहिलं. ‘दोन कशाला? मला एकाच कानानं जरा बरं येतं.’

मी भिंग घेऊन स्पीकरच्या पाठीवरचं वाचत होतो. चार ओहम. शिफारस, पन्नास ते दीडशे वॅट. मग रिसीव्हरच्या मागे वाकलो. तो मी तरुणपणी परदेशातून येताना आणलेला, अजून ठणठणीत. त्याच्यावर लिहिलं होतं, तीस वॅट, आठ ओहम. म्हणजे हवी ती संख्या कमी आणि दुसरी नेमकी दुप्पट.

‘केतकी, हे जमणार नाही.’

‘बाबा, जस्ट कनेक्ट करा ना!’

‘अगं, कमीत कमी पन्नास लिहिलंय. आपले तीस आहेत.’

‘ती नुसती रेंज असते. आणि तुम्ही फिजिक्समध्ये पीएचडी आहात, बाबा!’

‘माझा विषय विरळ वायूंमधल्या रेणूंच्या टकरा हा होता.’

‘मग?’

‘त्यात स्पीकर नव्हते.’

केतकीनं आईकडे पाहिलं. सुमन म्हणाली, ‘तू जेवून घे. हे आता संक्रांतीपर्यंत चालेल.’

•••

पहिला सल्ला नानांचा. वीज म्हटली की शहरातल्या कुठल्याही तारेबद्दल नानांना मत असतं.

‘प्रोफेसर, तुम्ही उगाच घाबरताय. तीस वॅटचा रिसीव्हर दीडशे वॅटचा स्पीकर जाळणार कसा? टाकीत पाणीच नाही, तर घरात पूर येईल कुठून?’

हे मला पटलं. मी खूश झालो आणि रात्रभर इंटरनेटवर वाचत बसलो. सकाळी खुशी गेलेली होती. नानांना फोन केला.

‘नाना, उलटं आहे म्हणे. रिसीव्हर लहान असला आणि आपण आवाज वाढवत नेला, तर त्याची दमछाक होते. मग तो आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटायला लागतो. आणि त्या छाटलेल्या आवाजानं स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग जळतो.’

नाना तडक घरी आले. ‘बरं. मग मोठा रिसीव्हर घेतला तर?’

‘मग सरळच जळतो.’

‘म्हणजे कमी पडला तरी जळतो आणि जास्त झाला तरी जळतो?’

‘असं दिसतंय.’

‘मग जळत नाही कधी?’

‘दोघांनी आपापल्या मर्यादेत राहिलं तर.’

सुमन पोहे घेऊन आली होती. बशा ठेवता ठेवता म्हणाली, ‘संसारासारखंच आहे की!’

ती आत गेल्यावर नानांनी मला हळूच विचारलं, ‘हे वहिनींनी कुठल्या साइटवर वाचलं?’

•••

मग मी आणि नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. रेडिओच्या काळापासूनचं दुकान. मालक पेपर वाचत होते. आम्ही उभे राहिलो. त्यांनी पान उलटलं. आम्ही खोकलो.

‘बोला.’

‘आमच्याकडे तीस वॅटचा रिसीव्हर आहे, त्याला—’

‘कुठून घेतलात?’

‘परदेशातून आणला होता.’

‘मग तिथे विचारा.’

मी गडबडलो. तीस वॅटचा रिसीव्हर बाळगणं हा काही गुन्हा आहे की काय, असं मला वाटायला लागलं. नानांनी सूत्रं हातात घेतली. ‘आणि स्पीकर आहेत पन्नास ते दीडशे वॅटचे.’

‘ते कुठून घेतले?’

‘मुलीनं ऑनलाइन मागवले.’

‘मग त्यांना विचारा.’

नाना भडकले. ‘रिसीव्हरचं तिकडे विचारा, स्पीकरचं त्यांना विचारा! मग तुम्हाला काय विचारायचं?’

‘किंमत,’ मालक म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

रस्त्यावर आल्यावर मला वाटलं नाना आता शिव्या देतील. पण त्यांनी वळून दुकानाची पाटी नीट वाचून घेतली. मग म्हणाले, ‘माणूस चांगला आहे. वेळ नाही घालवला आपला.’

•••

शेवटी मी ठरवलं, आपण शिकलेले आहोत, आपण गणित करावं.

स्पीकर एका वॅटवर किती आवाज देतो, हे कंपनीनं छापलेलं असतं. आमच्या हॉलमध्ये खुर्च्या कुठे असतात, हे मी टेपनं मोजलं. लांब गेलं की आवाज किती घटतो, भिंती किती परत देतात, सगळं धरलं. उत्तर आलं, एक वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याच्या एखाद्या जोरदार थापेला क्षणभर दहापट लागले, तरी तीस पुष्कळ झाले.

मी उत्तराकडे बघत बसलो. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो, उत्तर अगदी विचित्र आलं तर चूक शोधा. म्हणून मी चूक शोधायला बसलो. आठवडा गेला. चूक सापडली नाही, त्यामुळे माझी काळजी वाढली. ज्या गणितात मला चूकही सापडत नाही, त्यातली चूक केवढी मोठी असेल!

बैठकीत मी भीतभीत आकडा सांगितला.

‘एक वॅट?’ नाना ओरडले. ‘अहो प्रोफेसर, आमच्या देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब पंधरा वॅट खातो!’

‘वसंता, परत कर,’ डॉक्टर मला प्रेमानं म्हणाला. पेशंटला टेस्ट परत करायला सांगावी तसा.

परत केलं. एकच वॅट. संध्याकाळी केतकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘थांबा, मी एआयला विचारते.’ दोन मिनिटांनी तिचा जल्लोष ऐकू आला. ‘बाबा, तो पण तेच म्हणतोय! एक वॅट!’

‘मग त्याचंही माझ्यासारखंच चुकलं असेल,’ मी म्हणालो.

•••

डॉक्टरला वाटलं, या प्रश्नाकडे आम्ही चुकीच्या टोकानं बघतोय. यंत्राकडे बघतोय, कानाकडे बघत नाही. त्यानं मोबाइलवर शिट्टीसारखा आवाज लावला.

‘हा हळूहळू वर चढत जाईल. ऐकू येतोय तोवर बोट वर ठेवायचं. थांबला की खाली.’

शाळेत बसावं तसे आम्ही बसलो. शिट्टी चढत गेली. पहिलं नानांचं बोट खाली आलेलं मला दिसलं. मग माझं. बाळासाहेबांचं आमच्याआधीच खाली आलं असावं. मंडपाच्या धंद्यात त्यांचे कान कामाला आले आहेत. शेवटी डॉक्टरनं स्वतःचं बोट खाली केलं. मोबाइलच्या पडद्यावर मात्र आकडा अजून वर चढतच होता. खोलीत कमालीची शांतता होती.

‘आता आवाज चालू आहे?’ मी विचारलं.

‘हो ना! मस्त चालू आहे.’

‘कोणासाठी?’

‘तोच तर मुद्दा आहे,’ डॉक्टर म्हणाला. ‘तुझ्या स्पीकरचा तो जो वरच्या सुरांचा भाग आहे ना, जो जळेल म्हणून तू झोपत नाहीस, त्याचा वरचा बराचसा आवाज आपल्यापैकी कुणालाच ऐकू येत नाही. वहिनींना कमी येतं, एवढंच. आपण काही फार लांब नाही.’

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, मला कळेना. नानांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला. ‘म्हणजे तो भाग उद्या जळून गेला, तर आपल्याला कळणारसुद्धा नाही?’

‘कळेल,’ डॉक्टर म्हणाला. ‘वास येईल.’

त्यानंतर बैठकीत ख्याल रंगात आला की नाना डोळे मिटून हवा हुंगताना दिसायला लागले.

•••

बाळासाहेब इतके दिवस शांत होते. ते मला अजून सर म्हणतात, आणि सरांच्या गणितात तोंड घालायचं नाही, हा त्यांचा जुना नियम आहे. पण एक दिवस त्यांना राहवलं नाही.

‘सर, राग मानू नका. पण तीस वॅट म्हंजी काय? आमच्याकडं तीस वॅटवर सनईवालाबी बसत न्हाई!’

‘अहो बाळासाहेब, हॉल दहा बाय चौदाचा आहे.’

‘असू द्या की. पावर जादा असली म्हंजी मशीन दमत न्हाई. ठिवायची लई, वापरायची थोडी. उद्या पाठिवतो.’

दुसऱ्या दिवशी खाली टेम्पो उभा राहिला. चाकं लावलेली लोखंडी पेटी दोघांनी मिळून उतरवली. त्यात गणपतीच्या मिरवणुकीतला ॲम्प्लिफायर. किती वॅटचा, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पेटी लिफ्टमध्ये घातली, मागून बाळासाहेब शिरले आणि लिफ्ट पीं पीं करायला लागली. बाळासाहेब बाहेर आले. पीं पीं चालूच. शेवटी पेटी आणणारे दोघंही बाहेर आले आणि पेटी एकटीच वर आली.

पेटी तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पोचला होता. ‘सी विंगमध्ये डीजे लावण्यास परवानगी नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी.’

मी हात जोडून म्हणालो, ‘बाळासाहेब, स्पीकर जोडायचे नाहीत. नुसता चालू करून बघू.’

‘बघा की! घरचाच हाय.’

त्यांनी बटण दाबलं. मशीन तापू नये म्हणून त्याच्या आत पंखे असतात, हे मला माहीत नव्हतं. ते पंखे सुरू झाले आणि हॉलमध्ये विमान उतरल्यासारखं झालं. टेबलावरचा पेपर उडाला. एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. सुमन कोड्याची पेन्सिल हातात घेऊन उभी होती. कानात यंत्र नव्हतं.

‘अहो, मिक्सर चालू राहिलाय का?’

‘आलं!’ नाना खुर्चीतून उठून ओरडले. ‘वहिनींना ऐकू आलं!’

बाळासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बघा सर. अजून गाणं लावलंबी न्हाई!’

•••

हा पुढचा किस्सा नाही म्हणता येणार. पण सांगतो, कारण तो मधे आला.

पेटी परत गेली, त्या संध्याकाळी मी सुमनजवळ जाऊन बसलो. म्हणालो, ‘रविवारी तू बाहेर येत जा. नाही आलं ऐकू नीट, तरी ये.’

तिनं कोड्यातून डोकं वर काढलं नाही. ‘येऊन काय करू?’

‘बस नुसती.’

‘मागे बसले होते ना. तुम्ही चौघं गाणं सोडून माझ्याकडे बघत होतात. मी मान डोलावली की तुमचा चेहरा फुलायचा, नाही डोलावली की उतरायचा. डॉक्टर तर नाडी बघायचेच बाकी होते. मग मी ऐकू येत नसतानाही मान डोलवायला लागले. ते मला नाही आवडलं.’

माझं तोंड त्या वेळीही उतरलं असणार.

‘मला परीक्षेला बसवू नका,’ ती म्हणाली. ‘आणि ते स्पीकर एकदाचे जोडा किंवा खोक्यात भरा. केतकी दर दोन दिवसांनी विचारते आणि मी खोटं सांगते.’

‘काय सांगतेस?’

‘सांगते, बाबांचं होत आलंय. आता मला सांगा, तीन अक्षरी. अर्थ, निश्चय नसलेला. शेवटचं अक्षर आलंय, ल.’

‘चंचल,’ मी म्हणालो.

‘बसतंय,’ ती म्हणाली आणि लिहून टाकलं.

•••

त्या रविवारी मी स्पीकर जोडले.

जळाले तर जळू देत, असं मी मोठ्यानं म्हणालो. आतून तसं वाटत नव्हतं. नानांनी एकच अट घातली. हॉलमध्ये भिंतीला लागून पुस्तकांचं काचेचं कपाट आहे. आमचे जुने स्पीकर त्या कपाटावर असतात. ‘ते काढू नका,’ नाना म्हणाले. ‘तुमच्या रिसीव्हरला दोन जोड्या जोडायची सोय आहे ना? मग जुने जिथे आहेत तिथे राहू देत, नवे दुसऱ्या जोडीच्या जागी लावा. काही झालंच तर परतीची वाट हवी.’ मला हे फार शहाणपणाचं वाटलं. परतीची वाट मला सगळ्याच बाबतीत आवडते.

कपाटाच्या दोन्ही बाजूंना नवे स्पीकर उभे केले. वायरी मी तीनदा तपासल्या, नानांनी एकदा, मग नानांनी तपासल्या म्हणून मी परत एकदा. रिसीव्हर चालू केला. आवाजाचं बटण अगदी तळाशी ठेवून केसाकेसानं वर नेलं. तोडी लावली होती. तंबोरे आले. मग गळा आला. नानांनी हुंगलं. काही जळत नव्हतं.

बंदिश संपेपर्यंत कुणी हू की चू केलं नाही. चहा आला आणि मग जे काही सुरू झालं!

‘खोली बघा आवाजाची!’ नाना म्हणाले. ‘खर्ज कसा जमिनीतून येतोय! जुन्यांत हे नव्हतं.’

‘तंबोऱ्याच्या तारा चार वेगवेगळ्या मोजता येत होत्या,’ डॉक्टर म्हणाला. ‘वसंता, आपण इतकी वर्षं काय ऐकत होतो रे?’

‘गवई म्होरं बसल्यागत वाटलं, सर!’ बाळासाहेबांनी दोन्ही हात पुढे धरून गवई नेमका कुठे बसला होता तेही दाखवलं.

आणि मी? मीही बोललो. न विचारता बोललो. ‘चार ओहममुळे पकड वेगळीच येते,’ असं एक वाक्य मी टाकलं. ते कुठून आलं मला माहीत नाही. पण मला खरोखरच फरक जाणवत होता, अगदी स्वच्छ. आयुष्यात क्वचितच मला एखाद्या गोष्टीची इतकी खात्री वाटली असेल.

गलका वाढला तशी सुमन बाहेर आली. कानात यंत्र नव्हतं.

‘जळले का?’

‘नाही वहिनी!’ डॉक्टर तिच्याजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाला. ‘बसा तर खरं!’ त्यानं स्टूल ओढून उजव्या स्पीकरला लागून ठेवलं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. पण बसली. मी मध्य लयीतली दुसरी चीज लावली आणि मित्रांना डोळ्यांनी खुणावलं, हिच्याकडे बघायचं नाही. तिघांनी ताबडतोब पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

सुमननं उजवा तळवा स्पीकरवर ठेवला आणि डोळे मिटले. मी खिडकीकडे तोंड केलं. गवई रंगात आला होता. बराच वेळ गेला.

‘लावा की,’ सुमन म्हणाली.

गाणं पूर्ण आवाजात चालू होतं.

डॉक्टर खाली वाकला. ‘वहिनी, लावलंय.’

‘काय लावलंय?’

‘गाणं! चालू आहे!’

तिनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर जमिनीकडे बघायला लागला. चाळीस वर्षं लोकांचे कान तपासलेला माणूस, त्याला तेव्हा कुठे बघावं कळेना. मला वाटलं, संपलं. हे वॅटचं काम नव्हतंच, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं होतं. मी रिसीव्हर बंद करायला उठलो.

‘थांबा हो,’ सुमन म्हणाली.

तिनं तळवा पुन्हा नीट टेकवला. मग उठली, कपाटाला वळसा घालून डाव्या स्पीकरपाशी गेली, त्याच्यावर हात ठेवला. परत येताना कपाटाच्या काचेवर ठेवला. तिथे थांबली.

‘मला ऐकू येत नाही, ते मला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘पण ही काच थरथरतेय. आणि हे दोघं गार पडलेत. अहो, तुमचे वरचे वाजतायत. कपाटावरचे. जुने.’

नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

मी रिसीव्हरपुढे वाकलो. कुठली जोडी वाजवायची, ते ठरवणारं एक छोटं बटण असतं. ए म्हणजे पहिली जोडी, बी म्हणजे दुसरी. बटण ए वर होतं. ते ए वर असणारच, कधी हललंच नव्हतं. मी ते बी वर केलं. क्षणभर आवाज गेला आणि परत आला. चांगला आला की कसा, ते मला विचारू नका.

‘मला मघाचेच जरा—’ नाना पुटपुटले. डॉक्टरनं त्यांचा गुडघा दाबला.

सुमन पुन्हा स्टुलावर बसली होती. या वेळी तिनं दोन्ही तळवे लाकडावर टेकवले, गालही जवळ नेला. आम्ही चौघं तिच्याकडे बघत होतो. पंख्याचं कुणाला आठवलं नाही. तिचा अंगठा मात्रा मोजत हलायला लागला. दोन, तीन. मग दोन, तीन. डग्गा थांबायचा तिथे अंगठाही थांबायचा, आणि मग दोघं बरोबर उचलायचे.

‘झपताल,’ ती म्हणाली. मग डोळे न उघडताच, ‘नाना, तुमची ती खुर्ची इकडे सरकवा बघू. या स्टुलावर मला तासभर बसवणार नाही.’